घर साफ झाल्याचा दाखला

चवथीच्या आठ-दहा दिवस आधी आमच्या घरात साफसफाईची धांदल असते. वासे, माळा, देवघरातल्या खुंट्या, वसरीवरचे बाक, सगळे झाडून-पुसून घ्यायचे. आई हयात होती तोवर काम संपल्यावर ती घरभर एक फेरी मारायची आणि दाराच्या चौकटीवरून, कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवायची. बोटाला काही लागले की आम्ही पुन्हा शिडीवर. आम्हां भावंडांना तिच्या हाकेपेक्षा त्या बोटाचा धाक जास्त.

गेल्या चवथीच्या तोंडावर अशीच गडबड चालू असताना भाचीचा फोन आला. ती नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियात, कॅनबेराला राहते. तिथे त्यांनी नुकतेच घर घेतले. घर नवे, जागा जुनी. "मामा, या जागेवर पूर्वी मिस्टर फ्लफीचे घर होते म्हणतात. साफ केल्याचा दाखला आहे. मी कागद पाठवते, तू जरा बघ. तुला जुने कागद वाचायची खोड आहे ना?"

मिस्टर फ्लफी म्हणजे कोणी सुखवस्तू म्हातारा गोरा गृहस्थ असावा, त्याच्या वारसांनी भाट विकावे तशी जागा विकली असावी, असे मला वाटले. कागद आले आणि तो गैरसमज पहिल्याच पानावर फिटला. पुढचे दोन महिने मी याच विषयात बुडालो. तो विषय असा, की घरातून ॲस्बेस्टॉस काढल्यानंतर ते घर पुन्हा राहण्याजोगे झाले हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? वरवर पाहता रुक्ष प्रश्न. पण कॅनबेरात या प्रश्नाचे उत्तर एकदा चुकले आणि हजाराहून अधिक घरे जमीनदोस्त करावी लागली.

कॅनबेरा ही मुद्दाम वसवलेली राजधानी. समुद्रापासून दूर, उंचावर, आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली जाणारी. साठीच्या दशकात सरकारी नोकर मोठ्या संख्येने तिथे राहायला येत होते आणि उपनगरांमागून उपनगरे उभी राहत होती. घरे बहुतेक एकाच पद्धतीची. बाहेरून विटांची एक भिंत, आतून लाकडी चौकटीवर ठोकलेले प्लास्टरचे तक्ते आणि दोहोंच्या मध्ये मोकळी पोकळी. वर छप्पर, खाली छत आणि त्यांच्यामध्ये अंधारा माळा. थंडी आत येऊ नये म्हणून या माळ्यावर काहीतरी उबदार पसरायचे. १९६८ साली डर्क जॅन्सन नावाच्या व्यावसायिकाने त्यासाठी कच्चा ॲस्बेस्टॉस वापरायला सुरुवात केली. सिमेंटमध्ये कालवलेला नव्हे, पत्र्यात बांधलेला नव्हे. पिंजलेल्या कापसासारखा सुटा. यंत्राने फुंकून तो माळ्यावर पसरायचा. मालाचे नाव ॲस्बेस्टॉसफ्लफ. फ्लफ म्हणजे मऊ भुसभुशीत लव. पुढे धंदा एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि 'मिस्टर फ्लफी' हे लाडके नाव त्या सगळ्या प्रकारालाच चिकटले. १९७९ पर्यंत हे चालले.

आता कोणी म्हणेल, त्या काळी बिचाऱ्यांना काय ठाऊक? हे वाक्य मी फार ऐकले आहे, आणि या बाबतीत ते खरे नाही. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात हे ब्रिटनमध्ये १९३० च्या मेरेवेदर आणि प्राइस यांच्या अहवालाने सरकारदरबारी मान्य झाले होते आणि १९३१ साली कारखान्यांसाठी नियमही झाले होते. १९६० साली वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणपट्ट्यातील ३३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग त्यांना झाला होता, आणि त्यांतले सगळेच काही खाणकामगार नव्हते. १९६५ साली लंडनमध्ये न्यूहाउस आणि टॉम्प्सन यांनी अशाच ७६ रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. काही रुग्णांनी आयुष्यात ॲस्बेस्टॉसला हात लावला नव्हता. काहींच्या घरातले माणूस कारखान्यात जायचे आणि कपड्यांवरून धूळ घरी आणायचे. काही नुसते कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहायचे. म्हणजे हा रोग कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाही, तो घरात येतो, हे १९६५ साली छापून आले होते.

आणि कॅनबेरापुरते बोलायचे तर, १९६८ सालीच ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय आरोग्य खात्यातील गर्श मेजर या अधिकाऱ्याने जॅन्सनचे काम प्रत्यक्ष पाहून अहवाल दिला होता. या माणसाला ॲस्बेस्टॉस वापरण्यापासून परावृत्त करावे, जरूर तर रोखावे, असा त्यातला सल्ला होता. अहवाल फायलीत गेला. त्यानंतर ११ वर्षे माळे भरले जात राहिले. फायलीचे दप्तर हे सगळ्या देशांत सारखेच असते, हे वाचून उगीचच थोडा दिलासा वाटला. असो.

माळ्यावर पसरलेला हा माल मुख्यतः तपकिरी ॲस्बेस्टॉस होता. त्याला अमोसाइट म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या एका खाण कंपनीच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. काही घरांत निळाही होता. ॲस्बेस्टॉस हा दगडच, पण तंतूंचा बनलेला. त्याचा एक तंतू उभा चिरला की दोन होतात, दोनाचे चार, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा बारीक. तो जळत नाही, कुजत नाही, गंजत नाही. ज्या गुणांसाठी माणसाने त्याला डोक्यावर घेतले, त्याच गुणांमुळे फुप्फुसात गेल्यावर शरीराला तो विरघळवता येत नाही. आजार दिसायला बहुधा तीस-चाळीस वर्षे लागतात.

१९८० नंतर लोकांत कुजबुज वाढली आणि अखेर १९८८ साली ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने मोठा कार्यक्रम हाती घेतला. १९८९ मध्ये कॅनबेराच्या प्रदेशाला स्वतःचे सरकार मिळाले, तेही त्यात सामील झाले. १९८० पूर्वी बांधलेली सुमारे ६५,००० घरे पाहून काढण्यात आली. ज्या हजारभर घरांच्या माळ्यावर फ्लफ सापडला त्यांची सफाई झाली. घराला आवरण घालायचे, नखशिखांत झाकलेल्या पोशाखातल्या माणसांनी माळ्यावरचा सगळा माल यंत्राने शोषून घ्यायचा, आणि मग लाकडावर-विटांवर गोंदासारखे द्रव्य फवारायचे, म्हणजे फटीत एखादा तंतू उरलाच तर तो जागीच चिकटून बसेल. १९९३ पर्यंत हे काम चालले. खर्च सुमारे १० कोटी डॉलर. प्रत्येक मालकाला काम पूर्ण झाल्याचा सरकारी दाखला मिळाला.

तो दाखला लोकांनी खरेदीखताबरोबर जपून ठेवला. घरे विकली गेली, नवी माणसे आली. कोणी स्वयंपाकघर वाढवले, कोणी भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली, कोणी छतात नवे दिवे बसवले. माळा साफ आहे असा सरकारी शिक्का होता. संशय घ्यायला कारणच नव्हते.

इथे जरा थांबून, असा दाखला आज कोणत्या तपासणीवर दिला जातो ते सांगतो. मला स्वतःला हा भाग सर्वांत रसाळ वाटला. ब्रिटनमध्ये याचे चार टप्पे ठरलेले आहेत. पहिल्यात तपासनीस कागद पाहतो. काय काढायचे होते, कुठून काढायचे होते, आणि ते सगळे निघाले का? दुसरा टप्पा नुसत्या डोळ्यांचा. हातात विजेरी घेऊन, संरक्षक पोशाखात, गुडघ्यांवर रांगत तो कोपरा न् कोपरा पाहतो. पाइपांच्या मागे, चौकटीच्या वर, फरशीच्या सांध्यात. पृष्ठभागावरून बोट फिरवून धूळ लागते का पाहतो. (आईची आठवण झाली ती इथे.) यात कित्येक तास जाऊ शकतात, आणि धूळ सापडली तर तो पुढे जातच नाही, सफाईवाल्यांना परत बोलावतो.

तिसरा टप्पा हवेचा. आधी ब्रशने जमीन, कठडे, कोपरे मुद्दाम झाडतात, म्हणजे लपून बसलेली धूळ उडावी. शांत, निवलेल्या खोलीतली हवा तपासून काही कळत नाही. लोक राहायला आले की खोली काही शांत राहणार नसते. मग पंपाने ४८० लिटर हवा एका चकतीएवढ्या गाळणीतून खेचायची. गाळणीवर रसायन घालून ती पारदर्शक करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. हा फेज काँट्रास्ट जातीचा सूक्ष्मदर्शक. ही पद्धत शोधल्याबद्दल डच शास्त्रज्ञ झेर्निके यांना १९५३ चे नोबेल मिळाले होते. भिंगात मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे वर्तुळ दिसते. अशी २०० वर्तुळे पाहायची आणि तंतू मोजायचे. कोणतेही तंतू नव्हेत. लांबी ५ मायक्रॉनहून जास्त, जाडी ३ मायक्रॉनहून कमी आणि लांबी जाडीच्या तिपटीहून अधिक, असेच मोजायचे. २०० वर्तुळांत मिळून २० पेक्षा कमी भरले, तर खोली उत्तीर्ण. हिशेब मांडला की हवेच्या दर मिलिलिटरमागे ०.०१ तंतू होतात. चौथ्या टप्प्यात आवरण उतरवल्यावर पुन्हा एकदा सगळीकडे नजर टाकायची, आणि मग घर परत वापरायला हरकत नाही असे लिहून द्यायचे.

ऑस्ट्रेलियातही सुट्या, भुसभुशीत ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत आज हाच ०.०१ चा आकडा आहे. शिवाय ज्याने काढले त्यानेच दाखला द्यायचा नाही. तपासनीस स्वतंत्र आणि परवानाधारक हवा.

हा ०.०१ आकडा मी सुरुवातीला डॉक्टरांनी ठरवलेली आरोग्याची मर्यादा समजलो होतो, साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या आकड्यासारखी. ते तसे नाही. या सूक्ष्मदर्शकाने खात्रीने मोजता येईल अशी ती सर्वांत खालची पायरी आहे. त्याखाली मोजणी डळमळते, म्हणून रेघ तिथे ओढली. ०.०१ म्हणजे एका लिटर हवेत १० तंतू, आणि आपण स्वस्थ बसलो तरी मिनिटाला सहा-सात लिटर हवा ओढतो. अशा हवेत कायम राहावे असे ब्रिटिश तज्ज्ञही म्हणत नाहीत. सफाई नीट झाली की नाही याची ती खूण, एवढेच. त्यातच या भिंगाला ०.२ मायक्रॉनहून बारीक तंतू दिसत नाही, आणि दिसतो तो तंतू ॲस्बेस्टॉसचा की काचेचा की कागदाचा हेही सांगता येत नाही. अमेरिकेत १९८६ च्या शाळांसाठीच्या कायद्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणला, तो यासाठीच. तो महाग, पण त्याची नजर तीक्ष्ण.

जाणकार तपासनीस म्हणूनच हवेच्या आकड्यापेक्षा दुसऱ्या टप्प्यावर, रांगत रांगत केलेल्या पाहणीवर भर देतात. हवा त्या एका तासाची असते. धूळ मात्र तिथेच बसून राहते.

पण तपासनिसाला पाहायला सांगितले तेवढेच तो पाहणार. कॅनबेरात नेमके इथेच फसले. १९८८ ते १९९३ च्या कार्यक्रमात साफ करायचा होता तो माळा. माळा साफ झालाही. पण त्या घरांची रचना आठवा. दोन भिंतींमधली पोकळी वरच्या बाजूने माळ्याला उघडी असते. फुंकून पसरलेला फ्लफ पहिल्या दिवसापासून त्या पोकळीत उतरत होता, आणि तिथून जमिनीखालच्या मोकळ्या जागेत. तिथे कोणी शोषणयंत्र घातले नाही. भिंती न फोडता ते शक्यही नव्हते. दाखल्यात लिहिले होते ते अक्षरशः खरे होते. लोकांनी वाचले मात्र 'घर साफ झाले' असे.

हे उघडकीला आले ते एका राहून गेलेल्या घरामुळे. डाउनर नावाच्या उपनगरातले एक घर १९८८ नंतरच्या पाहणीतून निसटले होते. अनेक वर्षांनी त्याचा माळा भरलेला सापडला. २०१३ साली सरकारने ते पाडले, पण एकदम नव्हे. शवविच्छेदन करावे तसे थराथराने उघडत नेले. तंतू सगळीकडे होते. भिंतींच्या पोकळीत, जमिनीखाली, छत आणि भिंत मिळतात तिथल्या सांध्यांत. मग साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला. हे साफ न झालेले घर. पण जी साफ झाली, त्यांच्या भिंतींत तरी वेगळे काय असणार?

फेब्रुवारी २०१४ मध्ये हजाराहून अधिक घरमालकांना सरकारी पत्रे गेली. घराची तपासणी करून घ्या, असा सल्ला होता. तपासनीस आले. काही घरांत तंतू कपड्यांच्या कपाटात सापडले, काहींत गरम हवेच्या नळ्यांत, काहींत दिव्यांच्या खोबणीत. काही कुटुंबांना तडकाफडकी बाहेर पडावे लागले. पडदे, गाद्या, मुलांची कापडी खेळणी, आजीने विणलेली रजई, जे जे तंतू धरून ठेवू शकते ते मागे ठेवून जायचे. वीस वर्षे रोज रात्री मुलांना ज्या खोलीत निजवले त्याच खोलीच्या दाराला सील लागलेले पाहणे कसे असेल याचा विचार मी करून पाहिला. आमच्या घरात तसे झाले तर आईची नऊवारी, बाबांच्या हार्मोनियमचे कापड, चवथीला मखराला लावायचे जुने शालू, सगळे मागे राहील.

२८ ऑक्टोबर २०१४ रोजी निर्णय जाहीर झाला. दुरुस्ती नाही, पुन्हा सफाई नाही. ही घरे सरकार विकत घेणार, तीही त्या दिवशीच्या बाजारभावाने, जणू त्यांत ॲस्बेस्टॉस नाहीच असे धरून. आणि मग पाडणार. त्यासाठी केंद्राने १०० कोटी डॉलरपर्यंतचे कर्ज दिले. १ जुलै २०१५ रोजी बाधित घरांच्या पत्त्यांची यादी सरकारने प्रसिद्ध केली. म्हणजे रस्त्यावरच्या कोणालाही कळणार, की हे ते घर. काही म्हाताऱ्या मालकांनी विकायला नकार दिला. पन्नास वर्षे ज्या बागेला पाणी घातले ती सोडून कुठे जायचे, हा त्यांचा प्रश्न सरकारी तक्त्यात कुठल्या रकान्यात बसणार? बहुतेकांनी मात्र विकले. हे सगळे पाहणारे कृतिदल ३० जून २०२२ ला बंद झाले, तेव्हा मोजकीच घरे खाजगी मालकांकडे उरली होती.

आरोग्याचे काय झाले, हे भाचीने पहिल्यांदा विचारले होते. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी या घरांत राहून गेलेल्यांच्या नोंदी तपासल्या. २०१७ मध्ये त्यांचा लेख 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आला. या घरांत राहिलेल्या पुरुषांत मेसोथेलिओमाचे प्रमाण इतरांच्या सुमारे अडीच पट आढळले. स्त्रियांत एकही रुग्ण आढळला नाही. रुग्णांची एकूण संख्या लहान होती. म्हणजे बहुतेकांना काही झाले नाही, आणि तरीही भीती खोटी नव्हती. अशा निष्कर्षाने कोणाचेच समाधान होत नाही, पण तो जसा आहे तसाच सांगितला पाहिजे.

आता भाचीच्या हातातल्या कागदाकडे येतो. तिच्या जागेवरचे घर पाडण्याआधी आतले तक्ते काढून भिंतींच्या पोकळ्या उघड्या केल्या, तंतू शोषले, उरलेले गोंदाने बांधले आणि मग यंत्राने घर पाडले. नंतर घराखालची माती खरवडून नेली. खालच्या मातीची नजरेने पाहणी झाली, नमुने तपासले गेले, आणि स्वतंत्र तपासनिसाने दाखला दिल्यावरच ती जागा यादीतून वगळली. मी तिला सांगितले, "बाय, पहिला दाखला माळ्याचा होता. हा जागेचा आहे. ज्या भिंतींत काही लपले असते त्या भिंतीच आता नाहीत. तू खुशाल तुळस लाव." ती हसली. मग म्हणाली, "मामा, आणि आपल्या गोठ्याच्या पत्र्यांचे काय झाले रे?"

मी गप्प झालो.

आमच्या घरावर मंगळुरी कौले, पण मागच्या परसातल्या गोठ्यावर आणि लाकडे ठेवायच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे होते. गोव्यात असे पत्रे कुठे नाहीत? मुंबईजवळ मुलुंडला ब्रिटिश भांडवलावर या मालाचा कारखाना १९३० च्या दशकातच आला होता. स्वस्त, गंजायचा नाही, आमच्या पावसाला पुरून उरणारा. त्यात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास पांढरा ॲस्बेस्टॉस असतो. उगाच घाबरवायचे नाही म्हणून हे आधी सांगतो, की कॅनबेराचा सुटा फ्लफ आणि हा पत्रा यांत फार अंतर आहे. पत्र्यात तंतू सिमेंटने बांधलेले असतात. धडका पत्रा छपरावर आपला बसून असतो तोवर त्यातून फारसे काही उडत नाही. उडते ते तो कापताना, भोके पाडताना, घासताना आणि फोडताना. म्हणून ऑस्ट्रेलियात असे पत्रे काढल्यावर हवा मोजण्याची सक्ती नाही. पण न फोडता, ओले करून, अखंड उतरवायचे, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे, आणि नंतर तिऱ्हाईताने जमिनीवर एकही तुकडा दिसत नाही ना ते पाहायचे, एवढे आहेच.

आम्ही १९९४ साली गोठा काढला. गुरे विकली होती, बाबा थकले होते. दोन गडी छपरावर चढले आणि त्यांनी हातोड्याने पत्रे फोडून खाली टाकले. एप्रिल महिना, ऊन रखरखीत, पांढरी धूळ. मी नाकाला रुमाल लावला होता, तोही शिंका येत होत्या म्हणून. गड्यांच्या तोंडावर काही नव्हते. मग आईने खराट्याने परसू झाडले, कोरडेच. ही भाची तेव्हा चार वर्षांची, उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेली. तुकडे वेचून त्यांनी चिऱ्यांवर पांढऱ्या रेघा ओढत होती. खडूसारख्या उमटतात. संध्याकाळी आईने चौकटीवर बोट फिरवले, दुसरा हात मारून घेतला, आणि घर साफ झाले.

आपल्या देशात याविषयी काहीच नाही असे नाही. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या बाबतीत मोठा निकाल दिला. त्यांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा ती सुटल्यानंतर १५ वर्षे, यांतले जे नंतर येईल तोवर जपायला सांगितले. पण ते कारखान्यातल्या कामगारांविषयी. परसातला गोठा मोडणारे गडी त्यात येत नाहीत, आणि त्यानंतर परसू झाडणारी बाईही येत नाही. ते दोन गडी पुढे कुठे गेले, कसे आहेत, मी कधी चौकशी केली नाही. त्यांतल्या एकाचे तर नावही आठवत नाही.

पत्र्यांचे तुकडे कुठे गेले हे मात्र मला ठाऊक आहे. विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर पावसात पाणी तुंबायचे. तिथला खड्डा बाबांनी त्या तुकड्यांनी भरून घेतला आणि वर माती व चिऱ्यांचा चुरा टाकला. भाचीच्या फोननंतर मी जाऊन पाहिले. वाट घट्ट आहे, वर गवत आहे, काही उघडे पडलेले नाही. माती न उकरता ते जिथे आहे तिथे राहू देणे यातच सध्या शहाणपण आहे.

अडचण अशी, की मुलाला तिथेच एक खोली बांधायची आहे. मेस्त येऊन दोरी लावून गेला होता. पाया खणायला माणसे सोमवारी येणार होती. मी त्याला निरोप पाठवून थांबवले. मुलगा चिडला. इतकी वर्षे कोणाला काही झाले नाही, असे तो म्हणाला, आणि त्यावर पुराव्याने उत्तर देण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते. शेवटी खोली आंब्याच्या बाजूला सरकवायची ठरली. तिथे वारा कमी लागतो, म्हणून सून अजून नाराज आहे.

त्या रात्री मी एका कागदावर परसाचा नकाशा काढला. विहिरीच्या काठापासून पावले मोजून खड्ड्याची जागा दाखवली, बाजूला १९९४ हे साल घातले, आत काय आहे आणि ते का खणू नये हे चार ओळींत लिहिले. तो कागद घराच्या एक-चौदाच्या उताऱ्याबरोबर ट्रंकेत ठेवला आहे. एक प्रत भाचीला पाठवली. तिने उलट कळवले की नकाशात मी उत्तर दिशा दाखवायला विसरलो.